प्रकृती, विकृती आणि गाडीचे सस्पेन्शन

वेगवान गाडीला कंपनीने बसवलेले सस्पेन्शन ठेवावे की बाहेरून आणून दुसरे बसवावे, याचे उत्तर देण्याआधी सस्पेन्शन चांगले असते म्हणजे काय असते, हे ठरवावे लागते. चांगली स्प्रिंग, चांगला शॉकअप हे शब्द गॅरेजमध्ये दिवसभर ऐकू येतात. पण कोणतीही स्प्रिंग नुसती चांगली नसते. ती कुणासाठी तरी आणि कशासाठी तरी चांगली असते. हे ‘कशासाठी’ ठरवण्याचा अधिकार वस्तू घडवणाऱ्याचा की वापरणाऱ्याचा, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. ग्रीक विचारवंतांनी तो बासरी आणि सुकाणूच्या निमित्ताने मांडला. मूळ विधीत बदल केव्हा आणि किती करावा, हा त्याचाच दुसरा पदर वेदांतल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी यज्ञाच्या निमित्ताने फार बारकाईने सोडवला. गाडीच्या बाबतीत हे दोन्ही विचार एकत्र घ्यावे लागतात.

गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार टायरच्या चार छोट्या ठिकाणी. वेग, वळण आणि ब्रेक यांचे सगळे बळ तिथूनच जाते. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते आणि चाकाला वरखाली होऊ देते. शॉकअप त्या हालचालीतली ऊर्जा तेलाच्या घर्षणातून उष्णतेत घालवतो. अँटी-रोल बार वळणावर गाडीचे कलणे आवरतो. या सगळ्यांवर दोन कामे सोपवलेली असतात. टायर रस्त्याला सतत चिकटून राहिला पाहिजे, आणि आत बसलेल्यांना हादरे बसता कामा नयेत. ही कामे काही अंतर हातात हात घालून चालतात, मग त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. स्प्रिंगवरची गाडी एका सेकंदात किती वेळा वरखाली झुलते, त्या आकड्यावरून ही फारकत दिसते. सर्वसाधारण प्रवासी गाडी सेकंदाला एक ते दीड वेळा झुलते, स्पोर्ट्स गाडी दीड ते दोन वेळा. हवेच्या दाबाने जमिनीकडे ओढल्या जाणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांत हा आकडा तीनच्याही वर जातो. तिथे माणसाच्या पाठीचा विचार केलेलाच नसतो.

कंपनीचे सस्पेन्शन म्हणजे काटकसरीत केलेली तडजोड, असे सरसकट म्हटले जाते. यात तथ्य आहे, पण अर्धेच. मॉरिस ओली हा अभियंता रोल्स-रॉइसमधून १९३० साली जनरल मोटर्समध्ये आला. पुढच्या दोन वर्षांत त्याने एक चाचणीची गाडी तयार केली. तिच्यावरची वजने पुढेमागे सरकवून गाडीचे झुलणे बदलता येत असे. त्याला आढळले की पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा नरम असली तर प्रवास सपाट वाटतो. कारण सरळ आहे. खळग्यावर आधी पुढचे चाक जाते, मग मागचे. मागची बाजू थोडी जलद झुलली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी नाक खालीवर करत हेलकावत नाही. हा निष्कर्ष निघाला तो गाडीत बसून, शरीराला काय जाणवते ते एकमेकांना विचारून. म्हणजे घडवणारा इथे स्वतःच वापरणारा झाला होता. अशा चाचण्यांतून साठत गेलेले ज्ञान आजच्या प्रत्येक कंपनीच्या गाडीत मुरलेले असते, आणि सुटी स्प्रिंग विकत घेणाऱ्याला ते दिसत नाही.

तरीही घडवणाऱ्याचा हेतू एकच आणि अटळ असतो असे नाही. २०१२ साली टोयोटा जीटी ८६ आणि सुबारू बीआरझेड या जवळजवळ जुळ्या गाड्या बाजारात आल्या. दोन्हींचे इंजिन एक, सांगाडा एक, दोन्ही जपानमधल्या गुन्मा प्रांतातल्या सुबारूच्याच कारखान्यात तयार होत. फरक होता स्प्रिंग आणि शॉकअपच्या जुळणीत. सुबारूने पुढची बाजू तुलनेने कडक ठेवली आणि मागची नरम, त्यामुळे वळणावर गाडी अधिक स्थिर राही. टोयोटाने उलट केले, त्यामुळे मागची बाजू सहज सरकू लागे. शिवाय दोन्हींना मिशेलिन प्रायमसी एचपी हे साध्या सेडानला शोभणारे, फार चिकट नसलेले टायर दिले होते. रस्त्यावरच्या माफक वेगातही गाडीचे सरकणे चालकाला अनुभवता यावे, हा त्यामागचा विचार होता. आता या दोन जुळण्यांपैकी बरोबर कोणती? गाडी एकच, दोन्ही कंपनीच्या, आणि उत्तरे दोन. गाडीच्या धातूत आणि भूमितीत हे उत्तर लिहिलेले नसते. आधी हेतू ठरतो, मग जुळणी ठरते.

हेतू कोण जाणतो, याबद्दल प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात स्पष्ट भूमिका घेतली आहे. प्रत्येक वस्तूशी तीन कला जोडलेल्या असतात: वापरण्याची, बनवण्याची आणि नक्कल करण्याची. बासरी वाजवणारा बासरी बनवणाऱ्याला सांगतो की कोणती बासरी सुरात बोलते; बनवणारा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून काम करतो. खरे ज्ञान वापरणाऱ्याकडे असते, बनवणाऱ्याकडे योग्य श्रद्धा असते. अॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या भागात हाच धागा पुढे नेला. घराचा न्याय गवंड्यापेक्षा घरात राहणारा नीट करतो, सुकाणूचा न्याय सुतारापेक्षा नावाडी आणि जेवणाचा न्याय आचाऱ्यापेक्षा पाहुणा. या मताला मोटारींच्या इतिहासात ठळक उदाहरण आहे. होंडाची एनएसएक्स विक्रीला येण्याआधी १९८९ मध्ये सुझुका येथे शर्यतपटू आयर्टन सेना याने ती चालवली आणि गाडीचा सांगाडा थोडा नाजूक वाटतो असे सांगितले. होंडाच्या अभियंत्यांनी ते मनावर घेतले आणि सांगाडा अधिक ताठ केला. वाजवणाऱ्याने सांगावे आणि बनवणाऱ्याने ऐकावे, ते असे.

बाहेरच्या सस्पेन्शनच्या बाजूने याहून भक्कम युक्तिवाद सापडणे कठीण. कंपनी गाडी बनवते ती हजारो अनोळखी गिऱ्हाइकांसाठी. कुणी एकटा चालवतो, कुणी कुटुंबाला घेऊन. कुणाचा रस्ता घाटाचा, कुणाचा महामार्गाचा. या सगळ्यांचा मध्य काढला जातो. अॅरिस्टॉटलनेच ‘निकोमाखियन एथिक्स’मध्ये दाखवून दिले आहे की असा गणिती मध्य प्रत्येकाला लागू पडत नाही. दहा मिना (वजनाचे ग्रीक माप) अन्न फार आणि दोन मिना फार थोडे, म्हणून सहा मिना सर्वांना योग्य असे होत नाही. मिलो या मल्लाला ते कमी पडेल आणि व्यायाम नुकताच सुरू करणाऱ्याला जास्त होईल. योग्य मध्य माणसागणिक आणि कामागणिक वेगळा असतो. ज्याची गाडी महिन्यातून दोनदा शर्यतीच्या ट्रॅकवर जाते, त्याच्यासाठी कंपनीचा मध्य हा त्याचा मध्य नव्हे. ब्रेक दाबताच नाक खाली जाणारी आणि वळणावर कलणारी गाडी त्याच्या कामाला तोकडी पडते, आणि ती बदलण्याची त्याची इच्छा पूर्णपणे सकारण आहे.

पण प्लेटोचा बासरीवादक बासरी वाजवू शकणारा होता, ही अट विसरता येत नाही. वापरणे म्हणजे नुसते जवळ बाळगणे नव्हे. सेनाच्या मताला वजन होते, कारण टायरची पकड सुटण्याच्या काठावर गाडी काय करते हे त्याच्या हातांना कळत असे. बहुतेक चालक त्या काठापर्यंत कधी जात नाहीत, आणि रस्त्यावर जाऊही नये. त्यांना जाणवतो तो कडकपणा, आणि कडकपणालाच ते पकड समजतात. हा भ्रम समजून घेण्यासारखा आहे. कडक स्प्रिंग आणि घट्ट शॉकअप असलेली गाडी स्टिअरिंग वळवताच उत्तर देते, रस्त्यावरचा प्रत्येक खडा हातापर्यंत पोचवते, म्हणून ती वेगवान वाटते. त्याच वेळी खडबडीत वळणावर तिचे चाक खळग्याच्या मागोमाग खाली उतरत नाही, क्षणभर हवेत राहते, आणि त्या क्षणी त्या टायरची पकड शून्य असते. गुळगुळीत ट्रॅकवर जी जुळणी जलद ठरते, तीच पावसाळ्यानंतरच्या घाटात मूळच्यापेक्षा मंद आणि धोक्याची ठरू शकते. भारतीय तर्कपरंपरेतले न्यायदर्शन प्रत्यक्षाला प्रमाण मानते, पण दोषरहित प्रत्यक्षालाच. अंगाला बसणारा हादरा हे प्रत्यक्ष आहे. त्यावरून पकडीचे अनुमान काढणे सदोष आहे. मोजायचे असेल तर घड्याळ आहे, आणि टायरच्या आतल्या, मधल्या व बाहेरच्या पट्ट्याचे तापमान आहे.

दुसरी अडचण भाग आणि संपूर्ण यांच्या नात्याची आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला विचारतो की रथ म्हणजे नेमके काय. आस रथ नव्हे, चाक रथ नव्हे, दांडी रथ नव्हे. या सगळ्यांच्या जुळणीला दिलेले नाव म्हणजे रथ. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, अवयवांहून वेगळी आणि खरी असते. म्हणूनच एक अवयव गेला तर जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्यांतून नवा जन्मतो. वस्त्राचा एक धागा काढला तरी ते तेच वस्त्र राहत नाही, इतक्या टोकापर्यंत त्यांनी हा विचार नेला. रोजच्या व्यवहारात हे अतिरेकी वाटेल. सस्पेन्शनच्या बाबतीत मात्र ते अक्षरशः खरे ठरते.

याचे सर्वांत नेहमीचे उदाहरण म्हणजे नुसत्या आखूड स्प्रिंग टाकून गाडी खाली करणे. हा बदल स्वस्त असतो, दिसायला चांगला दिसतो आणि एकच भाग बदलल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात काय होते ते पाहावे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेली गाडी २५ मिलिमीटर खाली आली की गाडीचा गुरुत्वमध्य तेवढाच खाली येतो. पण खालच्या आर्मचा कोन बदलल्यामुळे गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू त्याहून जास्त खाली जातो. दोहोंतले अंतर वाढते. म्हणजे वळणावर गाडीला कलवणारी तरफ लांब होते, आणि स्प्रिंग पुरेशी कडक नसेल तर खाली केलेली गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलते. चाकाला वर यायला जागा कमी उरते, म्हणून खड्ड्यात ते लवकर बम्प स्टॉपच्या रबरावर आदळते. वळणाच्या मध्यावर हे घडले तर त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो आणि टायर सुटतो. जुना शॉकअप जुन्या स्प्रिंगच्या मापाने बसवलेला असतो. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर झुलण्याचा वेग सुमारे १.४ पट होतो, आणि ते पूर्वीइतकेच आवरायचे तर शॉकअपचा आवरही तितक्याच पटीने वाढायला हवा. तो वाढत नाही, म्हणून गतिरोधकावरून गेल्यावर गाडी थरथरत राहते. एक धागा काढला आणि वस्त्र वेगळे झाले.

मग बदल करूच नये का? इथे मीमांसकांची पद्धत उपयोगी पडते, आणि ती आधुनिक सल्ल्यांपेक्षा अधिक काटेकोर आहे. मीमांसेचा पायाभूत ग्रंथ असलेल्या जैमिनीच्या सूत्रांचे बारा अध्याय आहेत. त्यांतले सातव्यापासून दहाव्यापर्यंतचे अध्याय मूळ विधीवरून बदललेला विधी कसा तयार होतो, याच प्रश्नाला वाहिलेले आहेत. ज्या यज्ञाचे सगळे तपशील वेदात सांगितले आहेत ती प्रकृती. अमावास्या-पौर्णिमेला करायचा दर्शपूर्णमास हा इष्टी प्रकारच्या यज्ञांची प्रकृती आहे. ज्या यज्ञाचे थोडेच तपशील सांगितले आहेत ती विकृती. विकृतीत जे सांगितलेले नाही ते प्रकृतीवरून आणायचे, याला अतिदेश म्हणतात. आणलेला तपशील नव्या हेतूला जुळत नसेल तर त्यात फेरफार करायचा, तो ऊह. दर्शपूर्णमासात अग्नीला हवी अर्पण करताना मंत्रात अग्नीचे नाव येते. सूर्याच्या चरूत, म्हणजे शिजवलेल्या धान्याच्या हवीत, त्याच जागी सूर्याचे नाव घालायचे, बाकी मंत्र तसाच. आणि एखाद्या तपशिलाचा हेतूच उरला नसेल तर तो गळतो, तो बाध. कृष्णल नावाच्या सोन्याच्या मण्यांचा चरू शिजवताना कांडण्याची क्रिया वगळली जाते, कारण कांडायचे ते तूस काढण्यासाठी, आणि सोन्याला तूस नसते.

या तीन पायऱ्या गाडीला लावल्या की निवडीचा प्रश्न सुटसुटीत होतो. कंपनीची जुळणी ही प्रकृती. गाडीचा हेतू बदलला नसेल तर अतिदेश पूर्ण लागू होतो, म्हणजे सगळे कंपनीचे तसेच ठेवायचे. बदलाचे समर्थन बदल करणाऱ्याने द्यायचे, न बदलणाऱ्याने नाही. रोज कामावर जाण्यासाठी आणि सुटीत घाट चढण्यासाठी वापरायची गाडी या प्रकारात मोडते. झिजलेले शॉकअप आणि सांध्यांतले तडकलेले रबरी बुश बदलून मूळ स्थिती परत आणणे, हीच अशा गाडीची सर्वांत मोठी सुधारणा असते, आणि लाखभर किलोमीटर धावलेल्या गाडीच्या मालकाला याची कल्पनाही नसते. हेतू बदलला तर ऊह करायचा, पण हेतूशी जोडलेल्या प्रत्येक अंगाचा. ट्रॅकसाठी चिकट टायर घातले की वळणातले बळ वाढते. मग स्प्रिंग कडक, तिच्या जोडीला त्याच मापाचा शॉकअप, मग अँटी-रोल बार, मग कॅम्बर, म्हणजे चाकाचा कल, आणि अलाइनमेंट. म्हणूनच बाहेरचे घ्यायचे तर सुट्या स्प्रिंगऐवजी स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र जुळवलेला संच घ्यावा. बिलस्टाइन, ओहलिन्स, कोनी यांसारख्या कंपन्या असे संच विशिष्ट गाडीसाठी बनवतात, आणि त्यांच्याकडे घडवणाऱ्याचे ज्ञान असतेच. बिलस्टाइनचे शॉकअप कित्येक गाड्यांत कारखान्यातूनच बसून येतात. बाधाचा नियम शेवटी लागतो. फक्त ट्रॅकवरच धावणाऱ्या गाडीत रबरी बुशचे आवाज दाबण्याचे काम उरत नाही, तेव्हा त्यांच्या जागी धातूचे सांधे योग्य. तेच सांधे रोजच्या गाडीत घालणे म्हणजे ज्याचा हेतू जिवंत आहे तेच टाकून देणे.

एका ठिकाणी मात्र ही तुलना थांबते. मीमांसकांच्या दृष्टीने वेद अपौरुषेय, म्हणजे कुणी माणसाने न रचलेला, आहे, म्हणून प्रकृतीत दोष असण्याचा प्रश्नच येत नाही. कंपनीची जुळणी माणसांनी, ठरलेल्या खर्चात आणि विक्रीचा अंदाज बांधून केलेली असते. तिच्यात खरी उणीव असू शकते: स्वस्त शॉकअप लवकर दमतो, मागची बाजू वॉरंटीच्या आणि ओझ्याच्या विचाराने गरजेपेक्षा कडक ठेवलेली असते. अशा वेळी हेतू न बदलताही बदल योग्य ठरतो, कारण तो कंपनीच्याच हेतूकडे अधिक नेणारा असतो. म्हणून कंपनीच्या जुळणीला मान द्यायचा तो चाचणीतून आलेल्या भागाला. हिशेबाच्या वहीतून आलेल्या भागाला तेवढा नाही. दोन्ही भाग बाहेरून वेगळे दिसत नाहीत, ही खरी अडचण आहे, आणि त्यासाठी त्या गाडीची जुनी माहिती असलेल्या जाणत्या माणसाला गाठावे लागते.

घडवणारा आणि वापरणारा यांच्याखेरीज तिसराही पक्ष आहे, आणि प्लेटोच्या बासरीला तो नव्हता. बासरी बेसूर झाली तर इजा होत नाही. गाडीची पकड सुटली तर शेजारच्या दुचाकीवरचा माणूस त्यात सापडतो, आणि त्याने कोणतीच जुळणी निवडलेली नसते. त्याच्या वतीने कायदा बोलतो. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. हा कौल घडवणाऱ्याच्या बाजूचा आहे. जर्मनीने वेगळी वाट धरली. तिथे सस्पेन्शन बदलले तर गाडीची रस्त्यावर चालण्याची मान्यताच जाऊ शकते. पण सुट्या भागाला तपासणीचे प्रमाणपत्र असेल आणि टीयूव्हीसारख्या संस्थेच्या तपासनिसाने गाडी पाहून ती नोंद कागदपत्रांवर केली, तर बदल वैध होतो. वापरणाऱ्याचा हेतू तिथे मान्य आहे, फक्त तो तिसऱ्याच्या डोळ्यांखालून जावा लागतो.

भारतातही हे दार पूर्ण बंद नाही. कलम ५२ मध्येच मान्यताप्राप्त किट बसवून गाडी सीएनजीवर नेण्याची सोय आहे, आणि दिव्यांग चालकासाठी गाडीत बदल करण्याची मुभाही त्यात घातलेली आहे. म्हणजे काही हेतू कायद्याने ओळखले आहेत, आणि त्यांच्यापुरता ऊह मान्य केला आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था आज गाड्यांच्या आणि किटच्या नमुन्यांची चाचणी घेऊन मान्यता देतात. जुळवलेल्या सस्पेन्शन संचांनाही अशीच चाचणी आणि नोंद लागू झाली, तर चालकाचा हेतू आणि रस्त्यावरच्या इतरांची सुरक्षितता, दोन्ही एकाच वेळी तपासता येतील. तोवर ट्रॅकसाठी कडक केलेल्या गाडीची जागा ट्रॅकवरच आहे, आणि तिथे ती ट्रेलरवरून न्यावी, हे मोटार स्पर्धांतल्या लोकांचे चालत आलेले वळण पाळण्यासारखे आहे.